फुलं येतात पण फळ धरत नाही? दुधी, दोडका, कारलं, गिलकं गच्चीवर लावायची पद्धत, पहिल्या दिवसापासून

दर वर्षी मार्च-एप्रिल आला की ओळखीतल्या कोणाचा तरी फोटो येतोच. बोटभर दुधी, वर सुकलेलं फूल, टोकाकडून पिवळा पडत चाललेला, आणि खाली प्रश्न, "कोणतं खत टाकू?" दहातल्या आठ वेळा उत्तर असतं की कुठलंच टाकू नका. खत कमी पडून तो दुधी गळत नाहीये. एक तर बी उशिरा लावलंय, नाहीतर कुंडी छोटी आहे, नाहीतर फुलाला परागकण मिळालेच नाहीत. माझी गच्ची जळगावात आहे, मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, तरी एप्रिलमध्ये आमच्याकडे वेलभाजी विकत आणावी लागत नाही. सगळा खेळ क्रमाचा आहे म्हणून टप्प्याटप्प्याने लिहितेय. मधला टप्पा गाळून पुढचा केला तर उपयोग होत नाही.

(आम्ही खानदेशात ज्याला गिलकं म्हणतो ते पुण्याकडचं घोसाळं आणि कोकणातलं पारोसं, तेवढं लक्षात ठेवून वाचा.)

टप्पा १ : आधी कॅलेंडर बघा, मग बियाणं आणा

सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात. होळी झाली, ऊन वाढलं, "आता उन्हाळी भाजी लावू" म्हणून मार्चअखेर बी टाकतात. बी टाकल्यापासून साधारण ४० ते ५० दिवसांनी वेल फुलावर येतो, म्हणजे तुमची फुलं बरोबर मेच्या भट्टीत उघडणार. या वेलींचा स्वभाव असा आहे की दिवस मोठा आणि तापमान जास्त असलं की नर फुलं भरपूर येतात, मादी फुलं कमी. वेल हिरवागार दिसतो, फुलांनी भरलेला दिसतो, आणि हातात काही पडत नाही.

खानदेश, विदर्भ, मराठवाडा इथे जानेवारीचा शेवटचा आठवडा ते १५ फेब्रुवारी ही वेळ पकडा. जानेवारीत आमच्याकडे रात्री थंडी असते आणि थंडीत बी उगवत नाही, नुसतं कुजतं, त्यामुळे रोप घरात करायचं (खाली टप्पा ४ मध्ये आहे). पुणे-नाशिककडे फेब्रुवारीचा पहिला-दुसरा आठवडा बरा. कोकणात आणि गोव्यात थंडी बोचरी नसते म्हणून तिथे भात कापणीनंतर नोव्हेंबर-डिसेंबरपासूनच लावता येतं. दुबई-मस्कतकडे असाल तर आपलं कॅलेंडर विसरा, तिकडे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लावायचं.

फेब्रुवारी हुकला? मग घाईने मार्चअखेर लावू नका, जूनच्या पहिल्या चांगल्या पावसाची वाट बघा. मधल्या काळात भेंडी, गवार, चवळी लावा, त्या ऊन सोसतात.

टप्पा २ : कुंडी आणि माती (बी लावायच्या १५ दिवस आधी)

एका कुंडीत एक वेल. हे वाक्य मोठ्याने वाचा, कारण कोणीच पाळत नाही. १२ इंची कुंडीत तीन वेल लावून, रोज दोनदा पाणी घालूनही दुपारी पानं माना टाकतात आणि फळ गळतं, कारण मुळांना जागाच नाही. दुधीला १८ बाय १८ इंचाची ग्रो बॅग किंवा अर्धा कापलेला मोठा ड्रम लागतो. दोडका-गिलक्यालाही तेवढीच द्या. कारलं १५ इंचात भागवून घेतं.

माझं मिश्रण असं: ४ घमेली माती, ३ घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत, २ घमेली धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), १ घमेलं भाताचं तूस किंवा जाड वाळू, आणि प्रत्येक बॅगेला दोन मुठी निंबोळी पेंड. आमच्याकडची काळी माती नुसती भरली तर दोन आठवड्यांत तिची वीट होते, कडेने भेग पडते आणि घातलेलं पाणी त्या भेगेतून सरळ खाली जातं. वरून वाटतं भरपूर पाणी दिलं आणि मुळं मात्र कोरडी.

कोकोपीट न धुता वापरू नका, त्यात मीठ असतं. बादलीत भिजवून, पिळून, दोनदा पाणी बदला.

शेणखत खरंच कुजलंय का ते नाकाने ठरवा. पावसानंतर मातीचा वास येतो तसा वास हवा. शेणाचा वास आला किंवा हात घातल्यावर गरम लागलं तर महिनाभर बाजूला ठेवा. कच्च्या शेणखतातून हुमणी (पांढरी जाड अळी) येते आणि ती मुळं खाते, वरून काही कळत नाही, एक दिवस अख्खा वेल झोपतो.

मिश्रण भरलं की पाणी घालून १५ दिवस तसंच राहू द्या, एक-दोनदा खालीवर करा.

तपासणी: ओलसर माती मुठीत दाबा. लाडू व्हायला पाहिजे आणि बोटाने टोचल्यावर फुटायला पाहिजे. लाडू झालाच नाही तर माती जास्त घाला, फुटलाच नाही तर तूस-वाळू वाढवा.

सावध: १८ इंची बॅग ओली झाली की ७०-८० किलोच्या घरात जाते. गच्चीच्या मधोमध रांग लावू नका, खाली बीम किंवा भिंत असेल तिथे कडेने ठेवा, आणि खाली दोन-दोन विटा द्या म्हणजे भोकं मोकळी राहतात आणि तापलेल्या स्लॅबचा चटका मुळांना बसत नाही. गेल्या वर्षीची माती परत वापरत असाल तर जुनी मुळं तपासा, त्यांच्यावर गाठी दिसल्या तर ती सूत्रकृमी (मुळांत शिरणारे अगदी बारीक कृमी) आहे, ती माती वेलींना नको, तिच्यात झेंडू लावून टाका.

टप्पा ३ : मांडव आधी, रोप नंतर

"वेल वाढला की बघू" असं म्हणू नका. वेलाला ताणे फुटले की चार दिवसांत तो शेजारच्या कुंडीला, कपड्याच्या दोरीला, स्वतःलाच गुंडाळतो, आणि सोडवायला गेलं की शेंडा तुटतो. शिवाय भरलेल्या कुंडीत नंतर बांबू खुपसला की मुळं तुटतात.

साडेपाच-सहा फूट उंचीचे बांबू किंवा जीआय पाइप, वर हात जाईल एवढ्या मोठ्या चौकोनाची जाळी. चौकोन मोठा पाहिजे कारण छोट्या भोकात कोवळा दुधी अडकतो आणि कंबर आवळल्यासारखा वाढतो. मांडव उंच असला की दोडका आणि कारलं लोंबून सरळ येतं. मांडव कठड्याला घट्ट बांधा. एप्रिलमध्ये वळवाचं वारं सुटतं तेव्हा पानांनी भरलेला मांडव शिडासारखा हवा धरतो, आमचा एक अख्खा मांडव वेलासकट शेजारच्या पत्र्यावर गेला होता आणि त्या वर्षीचा सीझन तिथेच संपला. वेल बांधायला नायलॉनची बारीक दोरी नको, ती खोडात रुतते, सुतळी घ्या आणि गाठ सैल मारा.

टप्पा ४ : बी आणि रोप

वाण निवडताना एवढंच बघा की पुढच्या वर्षी बी धरायचंय का. धरायचं असेल तर संकरित नको, सुधारित वाण घ्या. दुधीत राहुरी विद्यापीठाचा सम्राट, बेंगळुरूच्या बागवानी संस्थेचा अर्का बहार. कारल्यात फुले ग्रीन गोल्ड, हिरकणी, कोकणात दापोलीचं कोकण तारा. दोडक्यात पुसा नसदार, फुले सुचेता. गिलक्यात पुसा चिकनी. ही सगळी घरच्या बागेला चालतात.

कारल्याच्या आणि दोडक्याच्या बियांचं कवच टणक असतं. नेलकटरने कडेला बारीकसा टवका काढा, आतला पांढरा गर दुखवायचा नाही. मग रात्रभर कोमट पाण्यात भिजत घाला, ओल्या फडक्यात बांधून डब्यात ठेवा, डबा फ्रिजच्या वर किंवा मिक्सरच्या मागे, जिथे थोडी ऊब असेल तिथे. दुधी ३-४ दिवसांत मोड काढतो, कारल्याला आठवडाही लागतो, घाबरून फेकू नका. बी गुलाबी किंवा निळ्या रंगाचं आलं असेल तर त्याला औषध चोळलेलं आहे, ते स्वयंपाकाच्या भांड्यात भिजवायचं नाही आणि हात धुवायचे.

मोड आलेलं बी कागदी कपात, बोटाच्या पहिल्या पेराएवढं खोल. या वेलींना मूळ हललेलं अजिबात खपत नाही, त्यामुळे दोन खरी पानं आली (पहिली जाड गुळगुळीत जोडी मोजायची नाही) की कपाचा तळ फाडून कपासकट संध्याकाळी बॅगेत लावा. चार-पाच पानांपर्यंत वाट बघितली तर मुळं कपात गोल फिरतात. थेट बॅगेत बी लावलं असेल आणि दोन-तीन उगवले असतील तर एक ठेवून बाकीचे कात्रीने कापा, उपटायचे नाहीत, उपटलं की ठेवलेल्याचंही मूळ तुटतं. जीव कळवळतो, पण कापा.

सावध: नुकतं लावलेलं रोप सकाळी चाळणीसारखं दिसलं तर ते लाल भुंग्याचं काम. पाच-सहा पानं येईपर्यंत जुनी मच्छरदाणी किंवा पातळ ओढणी काड्यांवर टाकून झाका. भुंगे सकाळी लवकर सुस्त असतात, तेव्हा हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाका.

टप्पा ५ : पाणी आणि सावली

सकाळी सातच्या आत पोटभर पाणी, बॅगेच्या खालून निथळेपर्यंत. एप्रिलपासून संध्याकाळीही थोडं. मातीवर चार बोटं जाडीचं आच्छादन द्या, उसाचं पाचट, वाळलेली पानं, गव्हाचा भुसा, काहीही चालतं.

दुपारी दोन वाजता पानं मरगळली म्हणून लगेच पाणी ओतायला धावू नका. तो वेल पाणी वाचवतोय. सहा-साडेसहाला परत बघा, पानं ताठ झाली असतील तर सगळं ठीक. संध्याकाळीही लोळलेलीच असतील तर आच्छादन बाजूला करून बोट दोन पेरं मातीत घाला. कोरडं लागलं तर पाणी कमी पडतंय. ओलं चिकट लागलं आणि तरी वेल मरगळलेला, तर मूळ कुजतंय, पाणी थांबवा आणि भोकं तपासा.

ग्रीन नेट लावायचं असेल तर फक्त पश्चिमेच्या बाजूने, आणि विरळ, एप्रिलनंतर. चारी बाजूंनी बंद केलं तर मधमाशी आत येणार कुठून?

टप्पा ६ : शेंडा खुडणं

दुधीच्या मुख्य वेलावर बहुतेक नर फुलं येतात, मादी फुलं बाजूच्या फांद्यांवर जास्त येतात. म्हणून वेल मांडवाला पोहोचेपर्यंत खालचे बगलफुटवे काढा, एकच खोड वर जाऊ द्या, आणि जाळीवर फूट-दीड फूट पसरला की मुख्य शेंडा खुडा. आठवड्याभरात बाजूने फांद्या फुटतात. त्या फांद्यांचा शेंडाही १०-१२ पानांवर खुडला की पुढची पिढी फुटते, यालाच सगळीकडे थ्री जी कटिंग म्हणतात.

कारल्याला हे करत बसू नका, ते आपसूक भरपूर फांद्या करतं. आणि रोगट, पिवळट, कमजोर वेलाचा शेंडा तर मुळीच खुडू नका, आधी त्याचं मूळ-पाणी सुधारा. व्हिडिओ बघून तीन फुटांच्या वेलाचा शेंडा कापणारे खूप आहेत, मग तो वेल महिनाभर जागच्या जागी बसतो.

टप्पा ७ : परागीभवन

पहिले १०-१५ दिवस नुसती नर फुलं येतील आणि गळतील. हे नॉर्मल आहे. नर फुलं गळायलाच असतात. या काळात कोणीतरी "फुलगळ थांबवणारं टॉनिक" देतं, मीही एका दुकानातून आणलं होतं, पैसे गेले आणि वेलाला पानंच पानं आली. काही मारू नका.

मादी फूल ओळखणं सोपं आहे, फुलाच्या मागे आधीच इवलंसं फळ असतं. दुधीला लव असलेला हिरवा मणी, दोडक्याला बारीक शिरा असलेली काडी, कारल्याला खरबरीत चिमुकलं कारलं. नर फुलामागे नुसता देठ. दोडक्या-गिलक्याची नर फुलं घोसात येतात, मादी एकेकटं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ती गोष्ट. प्रत्येक वेलाची फूल उघडायची वेळ वेगळी आहे. दुधी आणि दोडका संध्याकाळी उघडतो, पाच ते आठच्या दरम्यान. कारलं, गिलकं आणि काकडी पहाटे-सकाळी. लोक सकाळी नऊला चहा घेऊन गच्चीवर जातात, दुधीचं कोमेजलेलं फूल हाताळतात आणि म्हणतात की हाताने करूनही धरत नाही. ते फूल आदल्या रात्री उघडून गेलेलं असतं. दुधीच्या पांढऱ्या फुलावर रात्रीचे पतंग येतात, आणि शहरात तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर ते किती येणार? म्हणून हाताने करावं लागतं.

मी दुधीचं असं करते. संध्याकाळी साडेसहाला वर जायचं. आदल्या दिवशीच मादी कळ्या हेरून ठेवलेल्या असतात, उद्या उघडणारी कळी टोकाला फुगून पांढरट होते. त्याच संध्याकाळचं ताजं नर फूल देठासकट तोडायचं, पाकळ्या मागे ओढून काढून टाकायच्या, मध्ये पिवळसर दांडा उरतो. बोटाला हलकं लावून बघायचं, पिवळी पूड लागली तरच ते फूल कामाचं. मग मादी फुलाच्या मध्ये जो तीन भागांचा, जरा चिकट गोळा असतो त्याच्या तिन्ही भागांवर तो दांडा अलगद फिरवायचा. घासायचं नाही, टेकवत फिरवायचं. एकाच भागाला लागलं तर फळ वाकडं, एका बाजूने बारीक येतं. एका मादीला शक्यतो दोन नर वापरा. झालं की देठाला लाल दोरा सैल बांधा म्हणजे कोणतं केलं ते कळतं. अंधार पडला तर मोबाइलचा टॉर्च दातात धरून होतं, पण कोणी धरायला असलं तर बरं. आमच्याकडे मुलगी धरते, आणि लाल दोऱ्यांचा हिशोबही तीच ठेवते.

कारलं-गिलक्याला हेच सकाळी सात-साडेसातच्या आत. आणि दुधीचं नर फूल दुधीलाच, गिलक्याचं गिलक्याला, अदलाबदल चालत नाही.

तपासणी, तिसऱ्या दिवशी: फळ धरलं असेल तर मणी चकचकीत हिरवा राहतो, देठ जाड होतो आणि फळ खाली मान घालतं. धरलं नसेल तर टोकाकडून पिवळं पडून मऊ होतं. फळावर टोचल्याची खूण आणि तिथे डिंकाचा थेंब दिसला, तर परागीभवन झालंय पण फळमाशीने गाठलंय, त्याचा उपाय पुढच्या टप्प्यात. आणि वेलावर आधीच चार मोठे दुधी लोंबत असतील तर नवीन गळणारच, वेल तेवढंच पोसू शकतो.

सावध: फुलं चालू असताना फवारणी करायचीच झाली, अगदी निंबोळी तेल असलं तरी, तर त्या वेलाची फुलं मिटलेली असतील अशी वेळ बघून, दुपारचं ऊन टाळून करा. दुपारच्या उन्हात तेल मारलं तर पानं भाजतात. भुरीसाठी (पानांवर पांढरी पूड दिसते तो रोग) गंधकाची भुकटीही वेलवर्गाला उन्हाळ्यात नको, पानं करपतात. भुरीची खालची जुनी पानं काढून हवा खेळती करा.

टप्पा ८ : फळमाशी

सापळा लावायचा तो पहिलं मादी फूल दिसताच, फळं किडल्यावर नाही. आणि बरोबर सापळा. दुकानात "फळमाशीचा सापळा द्या" म्हटलं की बऱ्याचदा आंब्याचा देतात, त्यात मिथाईल युजेनॉल हे माशीला ओढणारं आमिष असतं. वेलभाज्यांची माशी वेगळी, तिला क्यू-ल्यूर नावाचं आमिष लागतं. पाकिटावर वाचून घ्या.

सापळ्यात फक्त नर माश्या अडकतात, अंडी घालणारी मादी नाही, त्यामुळे नुसत्या सापळ्यावर विसंबू नका. तिसऱ्या दिवशीची तपासणी झाली की फळाला पातळ कापडाची किंवा वर्तमानपत्राची सैल पिशवी घाला. कारल्याला तर घालाच. किडलेलं फळ कंपोस्टमध्ये टाकलं की तुम्ही पुढची पिढी पोसताय, ते प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून आठवडाभर कडक उन्हात ठेवा. कोष मातीत असतात म्हणून बॅगेतली वरची माती अधूनमधून हलवत राहा.

टप्पा ९ : खत

दर १५ दिवसांनी दोन मुठी गांडूळखत, वर आच्छादन परत सारखं करायचं. फुलं लागली की युरिया, ताजं गोमूत्र, असं नत्र जास्त असलेलं बंद. नत्र वाढलं की पाला वाढतो आणि मादी फुलं कमी होतात. राख घालायची सवय असेल तर काळ्या मातीत चिमूटभरच, ती माती आधीच अल्कधर्मी असते.

टप्पा १० : काढणी

दुधी धरल्यापासून १२-१५ दिवसांत काढा. नख लावून बघा, सहज रुतलं पाहिजे. दोडका-गिलकं त्याहून लवकर, नाहीतर आत जाळी पडते. कारलं हिरवं आणि टणक असतानाच काढा. कात्रीने, बोटभर देठ ठेवून, ओढून नाही. एक फळ वेलावर जून झालं की वेलाला वाटतं काम झालं, आणि नवीन फुलं कमी होतात. म्हणून बी धरायचं फळ सीझनच्या शेवटीच ठेवा.

सावध, आणि हे घरातल्या सगळ्यांना सांगा: घरचा दुधी असला तरी चिरताना कच्चा बारीक तुकडा जिभेला लावून थुंकून टाका. कडू लागला तर अख्खा दुधी फेकायचा, साल काढून, उकडून, मीठ लावून काही उपयोग नाही, तो कडूपणा विषारी असतो आणि त्याने उलट्या-जुलाब होऊन माणूस दवाखान्यात जातो. रस करून पिणाऱ्यांनी तर चव न बघता एक घोटसुद्धा घेऊ नये. ज्या वेलाला असं फळ आलं त्याचं बी ठेवायचं नाही, वेल मुळासकट काढून टाकायचा.